कानामागची सासू

माझ्या तोंडात स्वतःचे जेवढे दात उरलेत तेवढ्यांची शप्पथ, कवळी धरायची नाही. तुळशीची शप्पथ. नातवंडांची घेत नाही, त्यांना आधीच सर्दी आहे. यातला शब्दन् शब्द खरा आहे आणि मी ओरडून सांगते, शेजारच्या गॅलरीतसुद्धा ऐकू जाऊ दे. मागं मी विहिरीतल्या माशानं मला पत्ता विचारल्याचं सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात. हसा बापडे. पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या भावाच्या घरातली आहे, आणि हिच्यात बोलते ती माझी आई. वारल्यानंतर बोलते.

भाऊ म्हणजे सर्जेराव, मी त्याला दादा म्हणते. तासगावला त्याची बेदाण्याची शेड. द्राक्षं वाळवायची, बेदाणा निवडायचा, खोक्यात भरायचा. त्या घरात नुसतं पाऊल टाकलं तरी जिभेवर गोड चव बसते. अशा घरात उज्ज्वला वहिनीला शुगर निघाली. पस्तिशीही उलटली नव्हती.

डॉक्टर मधुमेह म्हणाले, गाव शुगर म्हणतं, आमची आई म्हणायची, हाव. "आमच्या घरात नव्हतं हे. हिनं माहेरून आणलं." असं ती पाहुण्यांसमोर म्हणायची, आणि वहिनी तिथंच चहाचे कप गोळा करत असायची. आई तिला नावानं हाक मारत नसे. सर्जाची बायको म्हणायची. शेडवर जाताना बेदाण्याच्या वाटीवर बोटानं खूण करून जायची. शेडवरून मोबाइलवर बोलून निरोप पाठवायची, टाइप करता येत नव्हतं ना तिला. वाटी हलली तर मला कळतं हं, सर्जाची बायको. असे ढीगभर निरोप. वहिनीनं एकही पुसला नाही. सासूचं बोलणं पुसायचं कसं, असं तिला वाटायचं.

माझी आई वाईट नव्हती. टोचून बोललं की माणूस सुधारतं, असा तिचा विश्वास होता. मलाही ती तशीच बोलायची, पण मी पळून जायची आणि झाडावर बसून तिच्याच आवाजात तिला शिव्या द्यायची. वहिनीला झाड नव्हतं.

आई गेली. वाटलं, आता बाई मोकळी होईल. पण तिनं ते सगळं आत भरून घेतलं होतं. इन्सुलिनचं पेन चष्म्याच्या डबीत ठेवायची आणि मोरीत जाऊन, नळ सोडून, टोचून घ्यायची. मिरजेला दवाखान्यात निघाली की शेजारणीला सांगायची, दाताचं काम आहे. इतकी वर्षं दाताचं काम, शेजारणीला वाटायचं हिच्या तोंडात हत्तीचे सुळे बसवतायत. साखर तर अशी वाढलेली, की वहिनी अंगणातून गेली की मुंग्या रांग मोडून तिच्या मागं चालायला लागायच्या. मी पाहिलंय.

त्यातच माझ्या भाचीचं, ईश्वरीचं, लग्न ठरलं. विट्याच्या मोहित्यांकडे. मुलगा चांगला, माणसं चांगली, पण वहिनीच्या जिवाला घोर. मुलीच्या आईला शुगर आहे हे कळलं तर लोक म्हणणार, उद्या पोरीलाही होणार. अक्षता पडेपर्यंत कुणाला कळता कामा नये, असं तिनं दादाला बजावलं, मला बजावलं. आणि साखर आटोक्यात यावी म्हणून गुपचूप ते यंत्र बसवून घेतलं.

आता यंत्राचं ऐका. कानामागं चिकटवायची टिकली, नखाएवढी. तिच्या पोटातून केसासारखी तार कातडीखाली जाते. रक्तात जात नाही, मांसात पेशींच्या मधे जो ओलावा असतो त्यात राहते आणि तिथली साखर सारखी चाखत बसते. आधीची यंत्रं आकडे दाखवायची. आकड्यांना लोक इतके विटले की मोबाइल पालथा घालून जेवायला बसायचे. म्हणून ही टिकली बोलते. कानामागच्या हाडातून बोलते, थेट डोक्यात, शेजारी बसलेल्याला काही ऐकू येत नाही. कंपनीनं तिला कायसं संस्कृत नाव दिलं होतं, गाव चुगली म्हणायचं.

बोलायचं कुणाच्या आवाजात? इथं त्या यंत्राची हुशारी. बसवताना ते विचारतं, तुमच्या मोबाइलातले ओळखीच्यांचे आवाज वापरू का? वहिनी हो दाबून मोकळी झाली, असलं वाचत कोण बसतंय. मग टिकलीनं एकेक आवाज लावून पाहिला. दादाचा लावला, वहिनीनं आणखी एक पोळी घेतली. ईश्वरीचा लावला, तर लाडकी लेक बोलतेय म्हणून हसून अर्धा लाडू खाल्ला. डॉक्टरांचा लावला, हिनं दुर्लक्ष केलं. मग आईचा लावला, आणि वहिनीच्या हातातला चमचा खाली पडला.

यंत्राला सासू म्हणजे काय ठाऊक नाही. जिवंत कोण, गेलेलं कोण, तेही ठाऊक नाही. त्याला एवढंच दिसलं, की या आवाजाला हिचा हात थांबतो. लहान पोर कसं, रडलं की उचलून घेतात हे एकदा शिकलं की विसरत नाही, तसं ते शिकलं. आईचे जुने निरोप ऐकून ऐकून नवी वाक्यंही जुळवायला लागलं.

वहिनी शेडमध्ये बेदाणा निवडत बसली होती, भर दुपारी. मान खाली, बोटं चाललेली. आणि कानामागून आई म्हणाली, टाकलास ना तोंडात एक? वहिनीनं वळून आईच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर रिकामी पोती होती.

हे तिनं मला फार नंतर सांगितलं. तेव्हा मला दिसलं ते इतकंच, की वहिनी स्वतःच्या स्वयंपाकघरात डोक्यावर ओढणी घ्यायला लागली. घरात कुणी मोठं माणूस नाही, पाहुणा नाही. मी विचारलं तर म्हणाली, थंडी वाजते. चैत्र संपत आला होता, तासगावात दगड तापून तडकत होते. जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायची. घास उचलायची, थांबायची, ऐकल्यासारखी मान तिरपी करायची, आणि घास परत ताटात ठेवायची. एकदा मी मुद्दाम आत गेले नाही, खिडकीतून पाहिलं. ती एकटीच होती आणि हळू आवाजात म्हणत होती, चुकलं, सासूबाई.

मला वाटलं, बाधा झाली. मी लिंबू उतरवायला निघाले होते, खोटं कशाला सांगू.

आणि गंमत बघा, ही खात नव्हती तरी साखर चढतच होती. चढली की टिकली बोलायची, बोलली की आणखी चढायची. वहिनीला वाटायचं, आपल्यातच खोट आहे, आपलं अंगच हावरट. डॉक्टरांकडे जायचीही लाज, कारण ते आकडा बघतील. मग तिनं जाणंच सोडलं. इन्सुलिन मात्र मनानंच थोडं थोडं वाढवत नेलं.

केळवण माझ्याकडे होतं. आमच्याकडे गडंगनेर म्हणतात, लग्नाआधी नवऱ्या मुलीला नातेवाईक जेवायला बोलावतात ते. मी आत्या, मी काय साधं करणार? मी मोहित्यांनाही आमंत्रण दिलं. पुरणपोळी, कटाची आमटी, गुळवणी. पाहुणे निघाल्याचा फोन आला. पाटपाणी झालं. हे बघून वहिनी चष्म्याची डबी घेऊन मोरीत गेली. पुरण खावं लागणार म्हणून इन्सुलिन जास्तीचं घेतलं आणि नळ बंद करून बाहेर आली.

पाहुणे येईनात. मोहित्यांची गाडी आपली आपण चालणारी, नवी कोरी. रस्त्यात पुढं बैलगाडी, तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या लादलेल्या. गाडीला नियम असा, की पुढचं काय आहे ते कळल्याशिवाय ओलांडायचं नाही. आणि तिला कडबा म्हणजे काय ते कळेना. बैलांच्या मागं बैलांच्या चालीनं येत राहिली ती. विहीणबाई फोनवर दर वेळी म्हणत, आलोच.

आणि व्याही पंगतीला बसल्याशिवाय मुलीच्या आईनं तोंडात घास घालायचा नाही, ही आमच्याकडची रीत. कुणी सांगावं लागत नाही.

इन्सुलिन आपलं काम करत होतं. पोटात काही नाही, आणि आहे ती साखर भराभर उतरत चाललेली. मी वहिनीला म्हटलं, पुरण चाखून बघ गं, वेलची कमी वाटते का. ती नको म्हणाली. मागच्या खोलीत विड्याची पानं पुसत बसली. कपाळावर घाम, बोटं थरथरत होती. मला वाटलं, विहिणीच्या धाकानं.

त्या वेळी तिच्या कानामागं काय चाललं होतं, ते तिनंच पुढं सांगितलं. टिकली खा म्हणत होती. साखर उतरलीय, उठ, काहीतरी खा, कळत नाही का तुला. पण आईच्याच आवाजात. आणि महिनोन् महिने त्या आवाजाला वहिनीचा हात थांबायला शिकला होता. समोर गुळाचा खडा होता. तिनं हात पुढं केला, कानात आई बोलली, आणि हात थांबला. शब्द काय आहेत याच्याशी हाताला देणंघेणं नव्हतं. यंत्राकडे तिला हलवायला ती एकच दोरी होती, आणि ती दोरी उलटीकडे ओढत होती.

मी आत गेले तेव्हा ती पानांवर आडवी पडली होती. मी दादाला हाक मारली. तो धावत आला. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, दादा नुसताच उभा.

आणि आई बोलली.

टिकलीत सोय असते. माणूस उत्तर देईनासं झालं की ती हाडातून बोलणं सोडते आणि बाहेर बोलते, शेजारी जो कोणी असेल त्याच्यासाठी. पण तेव्हा आवाज बदलायचा असतो हे ती बनवणाऱ्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या मांडीवरून, वहिनीच्या केसांतून, माझ्या मेलेल्या आईचा आवाज आला. तिचा तो घोगरा, तंबाखूच्या मिश्रीचा आवाज. म्हणाली, "बघत काय बसलात, माझ्या सुनेला साखर द्या."

माझे केस डोक्यावर उभे राहिले, ते अजून पुरते बसलेले नाहीत. दादानं तर हो आई म्हटलं. इतकी वर्षं आईनं काही सांगितलं की जसं म्हणायचा तसंच. आणि साखर आणायला पळत बाहेर गेला. तेवढ्यात दारात मोहित्यांची गाडी लागली होती. विहीणबाई पायरीवर पाऊल टाकतायत आणि समोरून व्याही ओरडत येतोय, आईनं साखर मागितलीय, आईनं साखर मागितलीय. त्यांना माहीत होतं या माणसाची आई वारलीय, पत्रिकेत कैलासवासी छापलं होतं. विहीणबाई परत गाडीत जाऊन बसल्या.

मी वाट बघितली नाही. काकवीचं भांडं जवळ होतं, बोटानं तिच्या गालाच्या आतून, हिरड्यांना चोळली. ॲम्ब्युलन्स आली. मोहित्यांची गाडी तिला वाट देईना. जाऊ दे, ते वेगळं रामायण.

वहिनी वाचली. पण गुपित उघडं झालं. विहीणबाई दवाखान्यात आल्या, चांगलं बोलल्या, आणि निघताना व्हरांड्यात म्हणाल्या, आम्हाला आधी सांगायला हवं होतं, आणि ईश्वरीची एकदा तपासणी करून घेऊ. ईश्वरी म्हणाली, करू की, दोघांची करू, माझ्या रिपोर्टशेजारी तुमच्या मुलाचाही ठेवू. मोहित्यांच्या पोरानं तिथंच बाही वर केली. लग्न ठरल्या तारखेला झालं, मी पोटभर नाचले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून सांगितलं ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. लाज वाटली, कुणी घालूनपाडून बोललं, की अंगाला ते बोलणं कळत नाही. अंगाला वाटतं, वाघ आला. वाघ आल्यावर पळायला ताकद हवी, म्हणून काळजाखाली यकृत असतं, ते आपल्या कोठारातली साखर रक्तात सोडतं. वाघ असता तर बाई पळाली असती, साखर जळून गेली असती. पण वहिनी कुठं पळणार? वाघ कानामागं. म्हणजे टिकली साखर मोजत होती, साखर चढली म्हणून बोलत होती, आणि बोलल्यामुळं साखर चढत होती. वहिनीच्या पोळीत दोष नव्हता. बाई म्हणाल्या, हा आवाज आधी बदलून टाका. आता इथंच बदलते म्हणाल्या.

वहिनी म्हणाली, घरी जाऊन बदलते.

त्याला कारण होतं. शुद्धीवर आली तेव्हा तिनं मला विचारलं होतं, काय झालं. मी सांगितलं, आई बोलली. काय म्हणाल्या? मी सांगितलं, माझ्या सुनेला साखर द्या म्हणाली. वहिनीनं छताकडे बघितलं. मग म्हणाली, "सून म्हणाल्या? मला?" डोळ्यांतलं पाणी कानात उतरलं, टिकलीच्या बाजूनं. दादा कॉटच्या पायथ्याशी उभा होता. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

लग्नानंतर ईश्वरी पहिल्यांदा माहेरी निघाली, तिला घेऊन मी तासगावला गेले. दुपारची वेळ, जेवणं उरकायची. दार नुसतं लोटलेलं. आत गेलो तर टेबलावर ताटं वाढलेली, आणि दोन्ही ताटांवर ताटं झाकलेली. एका बाजूला वहिनी, तिच्या शेजारी खुर्ची चिकटवून दादा. त्याचा कान तिच्या कानाजवळ. एखाद्या बंद दाराला कान लावून बसावं तसा. वहिनीच्या ओठांवर घाम होता, बोटं टेबलावर थरथरत होती, आणि चेहऱ्यावर काय होतं सांगू, देवळात आरतीची वाट बघणाऱ्या बाईच्या असतं ते.

ईश्वरीनं विचारलं, काय चाललंय. दादानं बोट ओठांवर ठेवलं. "थांब जरा. आत्ता बोलेल."

तेव्हा मला कळलं. टिकली बाहेर कधी बोलते? साखर पार उतरली तरच. ही दोघं जेवण लांबवून साखर उतरायची वाट बघत होती. दादाला आई पुन्हा ऐकायची होती. साठीला आलेला माणूस, आई गेल्यावर एकदाही रडला नव्हता, बायकोच्या केसांत कान घालून बसला होता. आणि तो जबरदस्ती करत होता म्हणावं तर तसंही नाही. वहिनीच म्हणाली, हलक्या, ओढलेल्या आवाजात, "वन्सं, त्या म्हणाल्या तेव्हा मी शुद्धीत नव्हते. मला माझ्या कानानं एकदा ऐकायचंय."

घरात आणखी कुणीतरी बसलंय असं वाटत होतं, चौथ्या खुर्चीवर, आणि तेही वाट बघतंय. बेदाण्याचा गोड वास घरभर दाटला होता.

ईश्वरी हलली. तिनं आधी वडलांना हाताला धरून उठवलं, लहान मुलाला उठवतात तसं, आणि त्यांच्या खुर्चीवर स्वतः बसली. साखरेच्या पाण्याचा पेला भरून आईच्या ओठाला लावला. वहिनी तोंड उघडेना. तिच्या कानात तेव्हा आई बोलत असणार, खा म्हणत असणार, आणि हात, जीभ, जबडा सगळं थांबलं होतं.

ईश्वरी म्हणाली, "आजीनं तुला एकदा सून म्हटलं, ते ऐकायला तू मरणार? मी तुला रोज आई म्हणते. ते ऐकू येत नाही का तुला?"

ओरडली नाही ती. साधं विचारलं. आणि मग आई, आई, आई असं म्हणत राहिली, त्या दुसऱ्या कानात, ज्याच्यामागं टिकली नव्हती. किती वेळ म्हणत होती कोण जाणे. वहिनीची नजर हळूहळू वळली. खोल विहिरीतून घागर वर येते तशी ती वर आली. एक घोट घेतला. मग दुसरा. पेला संपला तेव्हा ईश्वरीनं कानामागं हात घालून टिकली उचलली. तार बाहेर आली, रक्ताचा टिपूससुद्धा नाही. दादा भिंतीला टेकून उभा होता. टिकली निघाली तेव्हा त्याच्या तोंडून आवाज निघाला, तो मी अजून विसरलेली नाही. आई गेली त्या दिवशी निघायला हवा होता तो. भिंतीला धरून रडत रडत खाली बसला.

त्याच आठवड्यात आम्ही सगळे मिरजेला गेलो. नवीन टिकली घेतली, बोलकी नको म्हणून सांगितलं. आता ती नुसती टुक करते. एकदा टुक, चढली. दोनदा टुक, उतरली. वहिनी ओढणी खांद्यावर घेते, ताट घेऊन अंगणाकडे तोंड करून बसते. इन्सुलिन शेडच्या पायरीवर बसून घेते, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर. शेजारीण पहिल्या दिवशी बघतच राहिली, म्हणाली, आणि ते दात? साखर हळूहळू जागेवर आली. एकदम नाही, मधे चढली, पुन्हा उतरली. चढली तरी वहिनी आता डॉक्टरीणबाईंना तोंड लपवत नाही, सांगते, काल भाचरांबरोबर जिलेबी खाल्ली.

संपली गोष्ट. पण दातांची शप्पथ घेऊन बसलेय, आणि आहेत तेवढे टिकायला हवेत, म्हणून एक सांगून टाकते. यातली एवढीशी एक गोष्ट माझ्या पदरची आहे. माझ्या घरात आई बोलली, तिच्याच आवाजात बोलली, ते खरं. पण बोलली ती एवढंच. साखर द्या. साखर द्या. साखर द्या. यंत्र बोलतं तसं. माझी सून हे शब्द मी घातले, दवाखान्यात, वहिनी कॉटवर एवढीशी होऊन पडली होती तेव्हा. कुणीतरी तिला तसं म्हणायला हवं होतं आणि म्हणणारी गेली होती. दादानं खरं काय ते ऐकलेलं, तरी तो खिडकीबाहेर बघत राहिला. म्हणजे त्या दुपारी ताट झाकून वहिनी ज्याची वाट बघत होती, ते कधी कुणी बोललंच नव्हतं.

वहिनीला हे ठाऊक नाही आणि तुम्ही सांगायचं नाही. पायरीवर बसून ती भेटेल त्याला सांगते, आमच्या सासूबाई मला माझी सून म्हणाल्या होत्या. हसून सांगते. आणि आताशा ती असं म्हणाली की ते शब्द मला आईच्या आवाजात ऐकू येतात, घोगऱ्या, मिश्रीच्या, अगदी जवळून. माझ्या कानामागं तर टिकली कधी नव्हतीच.